ई-मेलखालच्या पट्टीत मराठी अक्षरे तुटतात आणि फोटो धूसर होतो : पट्टी कशी तयार करावी?

संत्राबाग (वरुड तालुका, जि. अमरावती)

नमस्कार. आमच्या गावातील संत्रा उत्पादक शेतकऱ्यांच्या गटाचा पत्रव्यवहार मी सांभाळते. पूर्वी तो छापील लेटरहेडवर चालत असे. आता बाहेरगावचे व्यापारी, कृषी विभागाचे अधिकारी आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यांच्याशी होणारा बहुतेक व्यवहार ई-मेलवर होतो. प्रत्येक ई-मेलच्या शेवटी, लिहिणाऱ्याच्या नावाखाली, गटाची ओळख देणारी एक आडवी पट्टी असावी असे बैठकीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

तालुक्याच्या ठिकाणी फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानातून पहिली पट्टी करून घेतली. तिच्यात सर्व सभासदांचा एकत्र फोटो, बगिचा, फळांचे क्रेट, ट्रॅक्टर, वारली नाचाची नक्षी, गटाचे नाव, पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक असे सगळे घेतले होते. दुकानाच्या मोठ्या पडद्यावर ती चांगली दिसत होती. ई-मेलमध्ये घातल्यावर मात्र तिच्यातले एकही अक्षर वाचता येईना, आणि मोबाइलवर संत्र्याचा रंग विटकरीकडे झुकलेला दिसला. म्हणून घरच्या संगणकावर स्वतःच पट्टी करायला घेतली. त्यावर फोटो-संपादनाची एक जुनी प्रणाली आहे. तिच्यात मराठी टाइप केले की ‘संत्रा’मधला त आणि र वेगळे पडतात, ‘मोर्शी’चा रफार अक्षराच्या डोक्यावर न जाता आधी सुटा उभा राहतो, आणि ‘शिवार’ लिहिले तर ऱ्हस्व वेलांटी श च्या पुढे जाऊन बसते.

अक्षरे जुळलेली येण्यासाठी काय करावे, पट्टीचा आकार किती धरावा, फोटो लहान केला की त्याचा चिखल का होतो, आणि वारली नक्षी ठेवावी की काढावी, एवढे कृपया सविस्तर सांगावे. माझ्याकडे फोनवर काढलेले बगिच्याचे भरपूर फोटो आहेत. पैसे भरून नवी प्रणाली घेण्याची गटाची तयारी सध्या नाही.

अक्षरजुळणी (अमरावती)

ताई, अक्षरांचा भाग मी घेतो, कारण लग्नपत्रिका आणि शाळांचे अहवाल जुळवण्याचे काम मी रोज करतो.

देवनागरीचा मजकूर संगणकात ज्या क्रमाने साठवला जातो, त्याच क्रमाने तो पडद्यावर उमटत नाही. ‘शि’ साठवताना आधी श येतो आणि नंतर वेलांटी. दाखवताना ती वेलांटी उचलून डावीकडे आणावी लागते, रफार पुढच्या अक्षरावर चढवावा लागतो, त आणि र यांचे जोडाक्षर घडवावे लागते. हे काम करणारा वेगळा भाग प्रणालीत असावा लागतो. जुन्या प्रणालींमध्ये तो नसतो, म्हणून आपल्याला दिसतात तशी सुटी अक्षरे येतात. यात आपल्या टायपिंगचा काही दोष नाही, आणि फॉन्ट बदलून हे दुरुस्तही होणार नाही.

फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही सोय आहे, परंतु कित्येक ठिकाणी ती चालू केलेली नसते. ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘टाइप’ या विभागात मजकुराच्या यंत्रणेचे पर्याय असतात. तिथे दक्षिण आशियाई किंवा ‘वर्ल्ड-रेडी’ हा पर्याय निवडावा, परिच्छेदाच्या पॅनेलमध्येही ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडलेले आहे याची खात्री करावी, आणि त्यानंतर नवी फाइल उघडून टाइप करावे. आपल्याला खर्च करायचा नाही, म्हणून माझा सल्ला सरळ गिम्प घेण्याचा आहे. ती मुक्त प्रणाली आहे, विनामूल्य मिळते, आणि २.१० किंवा त्यापुढची कोणतीही आवृत्ती देवनागरीची जोडाक्षरे योग्य घडवते. मार्च २०२५ मध्ये तिची ३.० ही आवृत्ती आली असून तिच्यात अक्षरांना बाह्यरेषा देण्याची सोय मजकुराच्या साधनातच आहे.

गिम्पमध्ये मजकुराचे साधन निवडल्यावर त्याच्या पर्यायांत खाली ‘लँग्वेज’ अशी चौकट दिसते. तिथे मराठी निवडावे. ज्या फॉन्टमध्ये तशी सोय असते, उदाहरणार्थ नोटो सॅन्स देवनागरी, तिथे मग हिंदी वळणाच्या ल आणि श ऐवजी आपला पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. माझ्या मते मराठी गटाच्या पट्टीवर अक्षरांचे वळणही मराठीच असले पाहिजे. वाचणाऱ्याला फरक नेमका सांगता आला नाही तरी तो जाणवतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट तर मराठी वळण डोळ्यांसमोर ठेवूनच केलेला आहे, मात्र त्याच्या बारीक रेषा लहान आकारात पुसट होतात. पट्टीसाठी ‘मुक्ता’ हा फॉन्ट जाड वजनात (वजन म्हणजे रेषांची जाडी) घ्यावा असे मी सुचवीन. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला हा फॉन्ट विनामूल्य आहे आणि त्याची वजने स्वतंत्रपणे रेखाटलेली आहेत. स्वतंत्र वजनाला महत्त्व आहे, कारण साध्या फॉन्टवर ‘बोल्ड’चे बटण दाबून आणलेला कृत्रिम जाडपणा क्ष, ष, भ अशा अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा भरून टाकतो आणि मोबाइलवर फक्त काळे ठिपके उरतात.

निवडलेला फॉन्ट पारखायचा असेल तर त्यात ‘वऱ्हाड’, ‘मोर्शी’, ‘कुऱ्हा’, ‘शेंदूरजनाघाट’ आणि ‘द्राक्ष’ हे शब्द लिहून पाहावेत. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा येतो का, आणि दीर्घ उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो का, हे एका नजरेत कळते. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार अशा दोन्ही बाजूंना जागा लागते, त्यामुळे इंग्रजीसाठी पुरेसे असलेले ओळींमधले अंतर आपल्याला पुरत नाही.

आणखी एक चूक मी दुकानादुकानांतून पाहतो. शीर्षक रुंद दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवले जाते. इंग्रजीत ते शोभते; आपल्याकडे मात्र त्याने शिरोरेखा तुकड्यातुकड्यांत तुटते आणि शब्द शब्दासारखा दिसत नाही. शीर्षक मोठे हवे असेल तर अक्षराचा आकार वाढवावा, अंतराला हात लावू नये. तसेच मजकुराचा थर (लेयर, म्हणजे चित्रावर ठेवलेला सुटा पापुद्रा) ‘स्केल’ साधनाने ओढून लहान-मोठा करू नये, कारण तसे केले की त्याचे चित्र बनते आणि कडा मऊ पडतात. आकड्यात आकार बदलावा.

फोटोवर नाव लिहायचे असल्यास बाह्यरेषा लागेल. अक्षरांच्या आकारावरून सरळ रेषा ओढली तर काही फॉन्टमध्ये दोन अक्षरे शिरोरेखेवर जिथे मिळतात तिथे उभा सांधा दिसतो. त्यावर उपाय असा की मजकुराच्या थरावर ‘अल्फा टू सिलेक्शन’ करावे, म्हणजे अक्षरांचा आकार निवडला जातो, ‘सिलेक्ट’ मेन्यूतून ‘ग्रो’ करून निवड दोन-तीन पिक्सेलने (चित्र ज्या ठिपक्यांचे बनते ते) वाढवावी, मजकुराच्या खाली एक नवा थर घ्यावा आणि त्यात गडद रंग भरावा. सगळा शब्द एकसंध दिसतो.

श्री-लिपीसारखे जुने फॉन्ट ज्यांच्याकडे आहेत त्यांनी चित्रापुरते ते वापरले तरी बिघडत नाही, कारण शेवटी अक्षरांचे पिक्सेलच होतात. मात्र ई-मेलमध्ये पट्टीबाहेर जो मजकूर टाइप होईल तो युनिकोडमध्येच (सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत) असावा. नाहीतर समोरच्याला रोमन चिन्हांची सरमिसळ दिसेल.

धानपट्टा (भंडारा)

ताई, मी शिक्षक आहे आणि शेतीचे फोटो काढण्याची मला अनेक वर्षांची आवड आहे, म्हणून फोटो, आकार आणि रंग याविषयी लिहितो.

दुकानातली पट्टी का फसली, ते आधी पाहू. फ्लेक्स दहा फूट रुंद असतो, रस्त्यावरून येणारा-जाणारा तो उभा राहून पाहतो, आणि त्यात वीस चेहरे घातले तरी प्रत्येक चेहरा वीतभर येतो. ई-मेलखालची पट्टी मोबाइलवर जेमतेम पडद्याच्या रुंदीएवढी जागा घेते. फ्लेक्सचा आराखडा लहान करून पट्टी होत नाही. ती पहिल्यापासून तिच्या खऱ्या आकारातच आखावी लागते.

आकार १२०० बाय २४० पिक्सेल धरावा. संगणकावर ती ६०० बाय १२० एवढ्या जागेत नीट दिसते, आणि दुप्पट पिक्सेल ठेवल्यामुळे बारीक ठिपक्यांच्या पडद्यांवरही कडा स्वच्छ राहतात. मोबाइलवर मात्र हीच पट्टी सुमारे ३६० एकक रुंदीत बसवली जाते, म्हणजे मूळच्या तीन दशांश होते. त्यामुळे गटाचे नाव ७२ पिक्सेलचे घेतले तर मोबाइलवर ते २१-२२ एवढे उरते आणि ४८ पिक्सेलची दुसरी ओळ साधारण १४ उरते. याहून लहान काही लिहूच नये. पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक पट्टीत नकोत, याचे कारण इथेच आहे. काम करताना पडदा १०० टक्क्यांवर ठेवावाच, शिवाय ३० टक्क्यांवर आणून पुन्हा पुन्हा पाहावे. ३० टक्क्यांवर जे वाचता येत नाही ते काढून टाकावे. फाइलमध्ये ७२ किंवा ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) असा जो आकडा असतो त्याची चिंता करू नये. तो छपाईसाठी आहे, पडदा फक्त पिक्सेल मोजतो.

आता फोटो. फोनचा फोटो बहुधा ४००० बाय ३००० असतो. तो पूर्ण पट्टीभर पसरायचा झाला तर ५:१ या प्रमाणात कापावा लागतो, म्हणजे ३००० ओळींपैकी फक्त ८०० उरतात, आणि झाडाचा शेंडा, बुंधा, माणूस सगळे जाऊन मधली पानांची पट्टी तेवढी हाती लागते. त्याऐवजी पट्टीचा डावा एक तृतीयांश भाग, ४०० बाय २४०, फोटोला द्यावा. हे प्रमाण ५:३ होते आणि ४००० बाय ३००० मधले २४०० ओळींचे चित्र वाचते. उजवीकडच्या दोन तृतीयांश भागात एकच सपाट रंग आणि त्यावर नाव. म्हणून अक्षरजुळणी भाऊंचा बाह्यरेषेचा उपाय बिनचूक असला तरी आपल्या पट्टीला त्याची गरज पडू नये असे मला वाटते. पानाफळांच्या गर्दीवर अक्षर ठेवायचे आणि मग ते वाचवण्यासाठी रेषा काढायची, यापेक्षा अक्षराला मोकळी जागा देणे चांगले.

फोटो निवडताना पूर्ण बगिचा घेऊ नये. वरुड-मोर्शीच्या बगिच्यातले झाड फळांनी लदलेले असते आणि प्रत्यक्षात ते पाहून मन भरते, पण ४०० पिक्सेलमध्ये प्रत्येक फळ चार-पाच पिक्सेलचे राहते आणि पान-फळ मिसळून आपण म्हणता तसा चिखल होतो. एका फांदीवरची दोन किंवा तीन फळे जवळून घ्यावीत, सोबत दोन-चार पाने. सकाळचे तिरपे ऊन फळावर एका बाजूने पडलेले असावे, म्हणजे सालीवरचे बारीक खळगे दिसतात आणि फळाला गोलाई येते. भर दुपारी संत्र्याची चकचकीत पाने पांढरे डाग देतात, आणि लहान चित्रात तेच डाग आधी डोळ्यात भरतात. फोटो लहान करताना गिम्पच्या ‘स्केल इमेज’मध्ये ‘नोहॅलो’ किंवा ‘लोहॅलो’ हा पर्याय घ्यावा. फोटोशॉपमध्ये याच कामासाठी ‘बायक्यूबिक शार्पर’ आहे. लहान केल्यानंतर थोडी मऊपणाची झाक येतेच, ती ‘अनशार्प मास्क’ने काढावी. मात्र हे फक्त फोटोच्या थरावर करावे आणि त्रिज्या एक पिक्सेलच्या आत ठेवावी. मजकुरावर केल्यास अक्षरांभोवती पांढरी किनार उठते.

रंगाबाबत एक मोह टाळावा. संत्र्याचा गट म्हणून नारिंगी पार्श्वभूमी आणि तिच्यावर पांढरी अक्षरे, हे सगळ्यांना आधी सुचते. वेबवरील वाचनीयतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांनुसार अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुरासाठी किमान ३:१ असावे. लाल २५५, हिरवा १६५, निळा ० अशा नेहमीच्या नारिंगीवर पांढरे अक्षर ठेवले तर हे गुणोत्तर जेमतेम २:१ भरते. त्याच नारिंगीवर काळे अक्षर १०:१ च्या पुढे जाते, पण काळे-नारिंगी रूप रस्त्यावरच्या धोक्याच्या फलकासारखे दिसते आणि फळाचा गोडवा त्यात राहत नाही. पानांचा गडद हिरवा, लाल २०, हिरवा ६९, निळा ४७, पार्श्वभूमीला घेऊन पाहावा. त्यावर पांढऱ्या अक्षराचे गुणोत्तर ११:१ च्या जवळपास येते. दुसरी ओळ नारिंगीत हवी असेल तर तीही साडेपाचापर्यंत पोचते, म्हणजे नियमात बसते. पांढरे नाव, नारिंगी गाव-तालुका, डावीकडे खरी फळे, एवढ्यात पट्टी पूर्ण होईल.

फळाचा रंग खुलवण्यासाठी ‘सॅच्युरेशन’ (रंगाचा भडकपणा) ओढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. व्यापारी पट्टी पाहतो आणि मग क्रेट उघडतो. आंबिया बहाराच्या फळावर हिरवट झाक असते, ती फोटोतही राहू द्यावी.

मेळघाटवाट (धारणी)

वारली नक्षीविषयी थोडेसे. वारली चित्रकला डहाणू, तलासरी, जव्हार या पालघर जिल्ह्यातील भागाची आहे. त्या समाजाच्या लग्नातल्या चौकातून आणि भिंतींवरून ती आलेली आहे. गावाकडचे काही दाखवायचे म्हणजे वारली, असा प्रघात फ्लेक्सच्या तयार फाइलींमुळे पडला आहे. वरुडच्या संत्रा गटाशी तिचा संबंध नाही, आणि ज्यांची ती कला आहे त्यांच्या दृष्टीनेही ती अशी कुठेही डकवणे योग्य नाही. शिवाय त्या बारीक काड्यांच्या आकृत्या २४० पिक्सेल उंचीत तुटतात. सजावट हवीच असेल तर संत्र्याचे एक पान किंवा अर्ध्या कापलेल्या फळाच्या फोडी असा एकच ठसठशीत आकार काढावा. संशोधन संस्थेला लिहिताना तोही नसला तरी चालेल.

संत्राबाग (वरुड तालुका, जि. अमरावती)

आपणा तिघांचेही मनापासून आभार. गिम्प उतरवून घेतले, भाषा मराठी निवडली आणि ‘शेंदूरजनाघाट’ एकदाचे नीट जुळून आले. धानपट्टा गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे डावीकडे दोन फळांचा फोटो, उजवीकडे गडद हिरवा आणि त्यावर ‘संत्रा उत्पादक शेतकरी गट’ हे पांढऱ्या मुक्तामध्ये ठेवले आहे. खालच्या ओळीत ‘ता. वरुड, जि. अमरावती’ नारिंगीत आहे. वारली नक्षी काढली. सभासदांचा फोटो काढण्यावरून बैठकीत बरीच चर्चा झाली, पण ३० टक्क्यांवरचे चित्र दाखवल्यावर सर्वांनी मान्य केले.

आता अडचण जतन करण्याची आहे. पीएनजीमध्ये जतन केले तर फाइल दोनशे केबीच्या वर जाते आणि आमच्याकडच्या नेटवर्कवर प्रत्येक ई-मेल रेंगाळतो. जेपीजी केले तर फाइल लहान होते, पण हिरव्यावरच्या नारिंगी अक्षरांच्या कडा मळकट दिसतात. पट्टीचे कोपरे मी गोल केले होते. पुतण्याच्या फोनवर काळी पार्श्वभूमी आहे, तिथे त्या कोपऱ्यांच्या जागी पांढरे तुकडे दिसले. एका व्यापाऱ्याने तर कळवले की त्यांना पट्टीच्या जागी रिकामी चौकट दिसते. दुकानातल्या पट्टीचा रंग विटकरी का झाला होता, तेही समजून घ्यायला आवडेल.

तारेवरचा (यवतमाळ)

ताई, एकेक घेतो.

विटकरी रंगाचे कारण बहुधा छपाईची रंगपद्धती. फ्लेक्सच्या फाइली सीएमवायके म्हणजे चार शाईंच्या हिशेबाने केलेल्या असतात आणि पडदा लाल-हिरवा-निळा यांच्या प्रकाशाने रंग दाखवतो. अशी फाइल तशीच ई-मेलमध्ये घातली तर काही ठिकाणी रंग मंद होतात, काही ठिकाणी भलतेच येतात. फाइल एसआरजीबी या पडद्यासाठीच्या रंगपटात रूपांतरित करून घ्यावी लागते. फोटोशॉपमध्ये त्यासाठी ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरावे. त्याच्याच शेजारी असलेले ‘असाइन प्रोफाइल’ आकडे तेच ठेवून त्यांचा अर्थ बदलते आणि रंग आणखी बिघडवते. आपण आता गिम्पमध्ये नव्याने काम केले आहे, त्यामुळे ही अडचण उरलेली नाही.

मळकट कडांचे कारण जेपीजीच्या रीतीत आहे. ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी करून जागा वाचवते. फोटोत ते खपून जाते, अक्षराच्या तीव्र कडेवर खपत नाही. शिवाय डोळ्याला उजळपणातला फरक जितका जाणवतो तितका रंगातला जाणवत नाही, म्हणून ही पद्धत बहुधा रंगाची माहिती अर्ध्या रुंदीची आणि अर्ध्या उंचीची साठवते. हिरव्यावरचे पांढरे अक्षर त्यातून बरेचसे वाचते, कारण तिथला फरक मुख्यतः उजळपणाचा आहे. हिरव्यावरचे नारिंगी अक्षर रंगाच्या फरकावर जास्त अवलंबून असल्याने त्याची कड शेजारी सांडते. ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’मधून जेपीजी करताना प्रगत पर्यायांत ‘सबसॅम्पलिंग’ असते, तिथे ४:४:४, म्हणजे रंगाची माहिती न कापणारा पर्याय, निवडावे आणि गुणवत्ता ९०च्या आसपास ठेवावी. पूर्वावलोकनाची खूण करून ठेवली की गुणवत्तेचा आकडा सरकवताना फाइल किती केबीची होईल ते समोर दिसते. आपली पट्टी १०० केबीच्या आत आरामात बसेल.

पीएनजीतही एक वाट आहे. ‘इमेज’, ‘मोड’, ‘इंडेक्स्ड’ असे जाऊन २५६ रंग घेतले की फाइल बरीच लहान होते आणि अक्षरे अगदी स्वच्छ राहतात, कारण तिथे चौकोनांची भानगड नाही. पण संत्र्याच्या गोलाईवर नारिंगीच्या पायऱ्या दिसू लागतात. आपल्या पट्टीत फोटो महत्त्वाचा आहे म्हणून मी जेपीजी सांगितले. नुसते नाव आणि एक पान असते तर पीएनजीच सांगितले असते.

गोल कोपरे काढून टाका. जेपीजीमध्ये पारदर्शकता नसतेच, त्यामुळे कोपऱ्यात कोणता तरी रंग भरला जाणार. पीएनजीत पारदर्शक ठेवता येतात, परंतु मग कुणाच्या ई-मेलची पार्श्वभूमी पांढरी, कुणाची काळी, आणि पारदर्शक जागी गडद अक्षर असेल तर काळ्यावर ते नाहीसे होते. पट्टी चारही कडांपर्यंत आपल्या हिरव्याने भरलेली असली म्हणजे ती कुठेही सारखीच दिसते.

रिकाम्या चौकटीवर आपल्या बाजूने पूर्ण इलाज नाही. अनेक ठिकाणी ई-मेलमधली चित्रे वाचणाऱ्याने परवानगी दिल्याशिवाय उघडत नाहीत, आणि कार्यालयांमध्ये तर ती मुद्दाम अडवलेली असतात. म्हणून गटाचे नाव, गाव, तालुका आणि भ्रमणध्वनी क्रमांक पट्टीच्या वर साध्या मजकुरात, युनिकोडमध्ये, लिहिलेले असलेच पाहिजेत. चित्र दिसले नाही तरी ओळख पोचते, क्रमांकावर बोट ठेवले की फोन लागतो, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्या वाचक प्रणालीलाही तो मजकूर वाचता येतो. हे काम कोणतीही पट्टी कधीच करू शकत नाही.

जीमेलमध्ये स्वाक्षरीच्या सेटिंगमध्ये चित्र घातल्यावर त्यावर टिचकी मारली की लहान, मध्यम, मोठे आणि मूळ असे आकार मिळतात. संगणकाच्या खिडकीत पट्टी पूर्ण मावेल तो घ्यावा. त्याच जागी नव्या ई-मेलसाठी एक स्वाक्षरी आणि उत्तरासाठी दुसरी ठेवता येते. पट्टी फक्त नव्या ई-मेलला जोडा आणि उत्तराला नुसता मजकूर. नाहीतर दहा उत्तरांच्या साखळीत दहा पट्ट्या एकाखाली एक लागतात, आणि मंद नेटवर्कवर त्याचा भुर्दंड वाचणाऱ्याला बसतो.

अक्षरजुळणी (अमरावती)

तारेवरचा भाऊंच्या उत्तराला एकच पुरवणी. जेपीजी ही शेवटची प्रत समजावी. मूळ काम गिम्पच्या एक्ससीएफ या स्वरूपात, सर्व थर सुटे ठेवून, जपावे. गटाच्या नावात उद्या ‘कंपनी’ शब्द आला किंवा तालुक्याच्या नावात दुरुस्ती करायची झाली, तर जेपीजी उघडून त्यात खाडाखोड करण्याची वेळ येऊ नये. जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून जतन केली की दर वेळी थोडी खराब होते. फॉन्टची फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवावी, म्हणजे दुसऱ्या संगणकावर काम उघडले तर अक्षरे बदलणार नाहीत.

संत्राबाग (वरुड तालुका, जि. अमरावती)

सबसॅम्पलिंग ४:४:४ केल्यावर ‘वरुड’चा उकार स्पष्ट झाला. कोपरे सरळ केले, क्रमांक मजकुरात घेतला आणि एक्ससीएफ प्रत पेनड्राइव्हवरही ठेवली. शेवटचा एक प्रश्न आहे. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. त्या त्या वेळी पट्टीतला फोटो बदलावा, अशी सभासदांची इच्छा आहे. दर वेळी सगळी जुळणी नव्याने करावी लागेल का?

धानपट्टा (भंडारा)

लागणार नाही. फोटोच्या थराला ‘लेयर मास्क’ लावून ठेवा; मास्क जिथे पांढरा तिथे फोटो दिसतो, जिथे काळा तिथे झाकला जातो. आपण फोटो आता ४०० पिक्सेलवर कापून बसवला असेल. त्याऐवजी तो ४८० पिक्सेल रुंद घ्यावा आणि मास्कमध्ये उजवीकडच्या शेवटच्या ८० पिक्सेलवर पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारा ग्रेडियंट (हळूहळू बदलणारा रंग) ओढावा, म्हणजे फळाची फांदी हिरव्यात हळूहळू विरते आणि फोटो-रंग यांच्यामधली उभी रेघ दिसत नाही. नाव त्या ८० पिक्सेलच्या पलीकडून सुरू व्हावे. ओळ मावत नसेल तर अक्षर ७२ वरून ६८ करावे, त्याने वाचण्यात फरक पडत नाही.

नव्या बहाराचा फोटो आला की तो ४८० बाय २४० करून जुन्या फोटोच्या थरावर आणावा, जुन्याचा मास्क नव्याला द्यावा आणि जुना थर न पुसता त्याच्या नावाशेजारचे डोळ्याचे चिन्ह बंद करून ठेवावे. थरांना ‘आंबिया’ आणि ‘मृग’ अशी नावे द्यावीत. फोटो काढताना मात्र दोन्ही वेळा फळ चौकटीच्या डाव्या बाजूला आणि ऊन त्याच दिशेने येईल असे उभे राहावे, कारण मास्क उजवी कड पुसतो आणि तिथे आलेले फळ अर्धे कापले जाईल.